लेव्हलकाकांचं कुंपण

त्यांचं खरं नाव गल्लीत फारसं कोणाला माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनीही ते वापरायचं कधीच सोडून दिलं होतं. सगळे त्यांना लेव्हलकाका म्हणत. हे नाव ठेवलं ते भरतीच्या पोरांनी. काका चौतीस वर्षं पोलीस ट्रेनिंग सेंटरात केस कापायला होते. दर सहा महिन्यांनी नवी तुकडी यायची. कोणाची कपाळावर झुलपं, कोणाचा भांग बघण्यासारखा, कोणाची बट मानेवर रुळतेय. काकांच्या खुर्चीतून उठताना मात्र सगळे एका साच्यातले. एका डोक्याला दीड मिनिट. मशीन आधी मानेपासून वर, मग कानांमागून, मग कपाळाकडून मागे. शेवटी काका एक पाऊल मागे सरत, एक डोळा मिटून डोक्याकडे बघत आणि म्हणत, "लेव्हल." की पुढचा बसायचा.

रिटायर झाल्यावर खुर्ची सुटली, पण खोड सुटली नाही. काकांना उंचसखल काही बघवत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर जरा कललं की त्यांचा घास अडायचा. काकूंनी दोरीवर वाळत घातलेले कपडे ते मागाहून जाऊन पुन्हा सारखे करत, सगळ्यांच्या कडा एका रेषेत. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. बोलून उपयोग नसतो हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं.

काका तापट होते असं मात्र कोणी म्हणणार नाही. आवाज कधी चढला नाही, हात उगारणं तर दूरच. गल्लीत तर त्यांची ख्याती शांत माणूस अशीच. त्यांची तऱ्हा वेगळी होती. मनाविरुद्ध काही झालं की ते बोलणं बंद करत. एकदा काकूंनी त्यांना न विचारता आपल्या भावाला आठ दिवस ठेवून घेतलं, तेव्हा काका सव्वा महिना एक अक्षर बोलले नव्हते. वेळेवर जेवायचे, वेळेवर कामावर जायचे, पगार आणून टेबलावर ठेवायचे, आणि काकू समोर असल्या तरी पलीकडची भिंत बघायचे. सव्वा महिन्यानं एके दिवशी म्हणाले, "चहात साखर कमी आहे." काकूंना रडू फुटलं होतं. काकांना वाटलं, साखरेवरून काय रडायचं.

करवंदं लावली ती काकूंनी. अकरा वर्षांपूर्वी त्यांची बहीण आली होती, तिनं येताना डबाभर करवंदं आणली. खाऊन झाल्यावर काकूंनी बिया टाकल्या नाहीत. करवंदाची बी एकदा वाळली की उगवत नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं, म्हणून त्याच दुपारी त्या बिया धुऊन त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यांत पेरल्या. नऊ रोपं जगली. पुढे त्यांनी ती घराच्या एका बाजूला, शेजारच्या हद्दीवर ओळीनं लावली, कारण तिथे भिंत नव्हती आणि भिंतीला पैसे नव्हते. काकांना कल्पना पसंत पडली. बारमाही हिरवं झुडूप, पाणी थोडं, काटे असे की मांजरही शिरणार नाही.

आणि मग काकांनी ते झुडूप ताब्यात घेतलं. दर रविवारी सकाळी दोन टोकांना दोन खुंट्या, मध्ये ताणलेली दोरी, दोरीवर गवंड्याची लेव्हलपट्टी, आणि हातात लांब दांड्याची मोठी कात्री. दोरीच्या वर एक पान दिसलं तर शपथ. कापलेल्या टोकांतून पांढरा चीक यायचा, कात्री चिकट व्हायची, मग रॉकेलच्या फडक्यानं ती पुसायची, की पुढची ओळ. दोन तासांनी काका मागे सरून एक डोळा मिटायचे. कुंपण झालंही होतं बघण्यासारखं, यात शंका नाही. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं तर हे खरं झाड आहे की प्लॅस्टिकचं असं विचारलं होतं, आणि काकांनी ती आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी समजून चार दिवस सगळ्यांना सांगितली.

फक्त एक होतं. या कुंपणाला करवंद कधी लागलं नाही. तिसऱ्या वर्षी नाही, पाचव्या वर्षी नाही. काका आधी मातीला दोष देत, मग बहिणीनं आणलेल्या बियांना. खत घातलं, मुळाशी आळी केली, तरी नाही. काकू कधी कुरकुरल्या नाहीत. लेकीनं एकदा फोनवर विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "नसतात एखाद्याच्या नशिबात." काकांना ते झाडाबद्दल वाटलं.

आता शेजाऱ्यांचं. हद्दीच्या पलीकडे बस डेपोतला एक मेकॅनिक आणि त्याची बायको राहत. ती घरी शिवणकाम करी, म्हणून गल्लीत तिला शिवणवाल्या बाई म्हणत. काकू आणि त्यांचं पहिल्यापासून गूळपीठ. मग नऊ वर्षांपूर्वी काकांनी मेकॅनिकला सांगितलं की कुंपणाची तुमच्या बाजूची फांदी वाढलीय, रविवारी कात्री घेऊन येतो. मेकॅनिक गेटाशी चार जणांत उभा होता. तो हसत म्हणाला, "काका, माझं डोकं कापायला कधीही या. माझ्या घरात नको." चौघं हसले. काका परत आले, हातपाय धुतले आणि काकूंना म्हणाले, "त्या घराशी आपला संबंध संपला. तुझाही." काकूंनी मान हलवली. त्या दिवसापासून काकांनी पलीकडे पाहिलं नाही. कुंपणही पुढे दोनेक वर्षांत पुरुषभर उंच आणि गच्च झालं, पाहायचं म्हटलं तरी दिसलं नसतं. दर वर्षी थंडी सरता सरता पलीकडून मंद गोड वास यायचा. मेकॅनिकनं आपल्याला खिजवायला काहीतरी सुवासिक लावलंय, अशी काकांनी आपली समजूत करून घेतली होती.

या वर्षी काकूंना गिळायला त्रास व्हायला लागला. आधी भाकरी अडायची, मग भात, मग पाणी. तपासण्या झाल्या. अन्ननलिकेचा कॅन्सर, आणि तोही बराच पुढे गेलेला. उपचार सुरू झाले आणि अडीच महिन्यांनी थांबले. डॉक्टरांनी काकांना वेगळ्या खोलीत बसवून सांगितलं की आता घरी न्या, त्यांना आवडेल ते करा. काका इतके सरळ की बाहेर येऊन त्यांनी काकूंना विचारलं, "तुला काय आवडतं?" काकूंनी पायांत चपला सरकवल्या. मग म्हणाल्या, "काही नाही. घरी चला."

लेक पंधरा दिवस राहून गेली होती, शनिवारी पुन्हा येणार होती. तोवर घरात दोघंच. खिडकीशी पलंग, त्यावर काकू, अंगावर चादर. चादरीच्या कडा काका दिवसातून पाच वेळा सारख्या करत. दुसरं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. चमच्यानं पाणी पाजायचं, ओठ पुसायचे, औषधाच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावायच्या. चाळीस वर्षांत आपण या बाईला काय दिलं, असा प्रश्न त्यांना पडायला लागला होता. पगार दिला, घर दिलं. पुढे काही आठवेना, आणि आठवत नाही म्हणून त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

उन्हाळा संपत आला होता. एके दुपारी काकू अर्धवट झोपेत होत्या. डोळे मिटलेलेच, पण शब्द स्पष्ट आले.

"करवंदं पिकली असतील."

काका खुर्चीवरून उठलेच. काकूंनी आपणहून काही मागण्याची, निदान इच्छा बोलून दाखवण्याची, त्यांच्या आठवणीत तरी ही पहिलीच वेळ. आणि मागितलं काय, तर अकरा वर्षांत जे एकदाही लागलं नाही ते. काकांनी त्या क्षणी मनाशी ठरवलं की काहीही होवो, या बाईच्या जिभेवर एक करवंद ठेवायचं. गिळता नाही आलं तरी रस लागेल. एवढं झालं म्हणजे झालं. नंतर आपल्याला निदान म्हणता येईल की दिलं.

समोरच्या घरातल्या म्हातारीला तासभर बसवून काका बाजारात गेले. करवंद हे काही ढीग लावून विकायचं फळ नव्हे. एक फळवाला म्हणाला, कोणी घेत नाही, दोन दिवसांत पाणी सुटतं. दुसऱ्यानं जांभळं दाखवली. तिसरा नुसता हसला. शेवटी कोणीतरी सांगितलं की नर्सरीत विचारा, झाड असेल तर फळही असेल.

नर्सरीवाली बाई कुंड्यांत माती भरत होती. फळ तिच्याकडेही नव्हतं, कुंडीतली रोपं अजून वीतभरच होती. काकांनी घरच्या कुंपणाचं रडगाणं सांगितलं. नऊ झाडं, अकरा वर्षं, एक फळ नाही. तिनं विचारलं, छाटता का? काकांची छाती या प्रश्नाला सवयीनंच फुगली. दर रविवारी, ते म्हणाले, दोरी लावून, एक पान वर दिसणार नाही.

बाईनं हातातली माती झटकली. "काका, करवंदाला फुलं फांदीच्या टोकाला येतात. तुम्ही दर रविवारी टोकं कापताय. फळ लागेल कुठे?"

काका तोंडात मारल्यासारखे उभे राहिले. आणि आठवू नये ते नेमकं तेव्हाच आठवलं. तिसऱ्या वर्षी काकू म्हणाल्या होत्या, थोडं वाढू द्या ना, टोकाला फुलं येतात त्याला. आणि आपण म्हणालो होतो की कापायचं कसं ते मला शिकवू नकोस. त्यानंतर त्या कधी बोलल्या नाहीत. आठ वर्षं दर रविवारी त्या चहाचा कप घेऊन कुंपणाशी यायच्या, कापलेल्या टोकांच्या ढिगाकडे बघायच्या, आणि कप घेऊन आत जायच्या.

आता कापायचं थांबवलं तर, असं काकांनी विचारलं. फुलं थंडीत, फळं पुढच्या उन्हाळ्यात, बाई म्हणाली. पुढचा उन्हाळा हे शब्द ऐकून काकांनी हातातल्या रिकाम्या पिशवीची घडी घातली. बाईला चेहऱ्यावरून काय ते कळलं असावं. ती म्हणाली की कुंपणाची जी बाजू कापली जात नाही तिथे बघा, तिथे नक्की असतील. पलीकडे कोण राहतं?

परत येताना काका आपल्या गेटाशी थांबले नाहीत. नऊ वर्षं ज्या गेटाकडे मान वळवली नव्हती त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मेकॅनिक कामावर होता. बाईंनी दार उघडलं, खांद्यावर टेप, ओठांत दोन टाचण्या. काकांना बघून त्यांनी टाचण्या हळूच काढल्या आणि पहिला प्रश्न केला, "वहिनी कशा आहेत?"

काकांनी मान खाली घालून सांगितलं की बरं नाही. मग सांगितलं की तिला करवंद हवंय. पुढे त्यांना माफीचं काहीतरी बोलायचं होतं, वाटेत जुळवूनही आणलं होतं, पण बाई तोवर "या" म्हणून मागे निघाल्याही होत्या.

पलीकडून त्यांनी आपलं कुंपण पहिल्यांदा पाहिलं. ते कुंपण नव्हतंच. फांद्या वाटेल तशा सुटलेल्या, काही जमिनीला टेकलेल्या, काही कमरेएवढ्या उंचीवर बाहेर झुकलेल्या, आणि पानापानांत करवंदांचे घोस. हिरवी, लाल, काळी. खाली जमिनीवर सडा पडलेला. तो गोड वास कशाचा होता हेही काकांना तिथे उभ्या उभ्या कळलं. झाडाखाली सावलीत दोन बुटकी स्टुलं होती.

बाई वाटीत फळं तोडत बोलत होत्या. "हे वहिनींचं स्टूल. मी म्हणायचे, खुर्ची आणते, तर नको, हेच बरं. तुम्ही ड्यूटीवर गेलात की अर्धा तास यायच्या. नंतर तुम्ही रिटायर झालात, मग दळणाच्या नाहीतर भाजीच्या निमित्तानं. मिठाची पुडी स्वतःची आणायच्या. काय हसायचो आम्ही, भाऊजी. तुमच्या नकला तर अशा करायच्या त्या." आणि बाईंनी एक डोळा मिटून, एक पाऊल मागे सरून दाखवलं. मग त्यांना भान आलं आणि त्या थांबल्या.

"रोज यायची?" काकांनी विचारलं.

"जमेल तेव्हा. जाताना नळावर तोंड धुवायच्या, ओठ जांभळे दिसायला नकोत म्हणून. लेकीला माहीत होतं सगळं. मला वाटलं, आता तरी तुम्हाला सांगितलं असेल."

काकांना राग आला का? आला असता तर बरं झालं असतं, राग कसा करायचा ते त्यांना येत होतं. पण रागाच्या जागी नुसतं रिकामं वाटत होतं. ज्या बाईला आपण कधी मोठ्यानं हसताना ऐकलं नाही ती इथे, हाताच्या अंतरावर, काट्यांच्या पलीकडे बसून आपली नक्कल करून हसत होती. निदान हसत होती, असंही त्यांच्या मनात आलं, पण त्यानं काही हलकं वाटलं नाही. त्यांनी वाटी घेतली. निळ्या काठाची, पांढऱ्या एनॅमलची वाटी होती. बाई म्हणाल्या, मी येऊ का भेटायला, गेल्या चार महिन्यांत पाहिलं नाही त्यांना. काका म्हणाले, या, उद्या या, मी तिला सांगतो.

काकू जाग्या होत्या. म्हातारी गेल्यावर काका पलंगाशी बसले. वाटेत त्यांनी ठरवलं होतं की प्रश्न विचारायचा नाही, टोचून बोलायचं नाही. फक्त द्यायचं. त्यांनी वाटी काकूंच्या समोर धरली.

काकूंनी करवंदांकडे पाहिलंच नाही. त्यांनी वाटीकडे पाहिलं. निळा काठ त्यांनी ओळखला, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की काकांना क्षणभर वाटलं कळ आली. ती कळ नव्हती. काकू घाबरल्या होत्या.

"मी नाही गेले," काकू म्हणाल्या. आवाज जेमतेम निघत होता. "अहो, मी कधी गेले नाही त्यांच्याकडे."

"अगं, मी कुठे काय म्हणतोय? गेलीस तरी चालेल. करवंदं आहेत, बघ. तूच म्हणालीस ना."

"मी नाही म्हणाले." त्या उठायचा प्रयत्न करू लागल्या, कोपर टेकेना. "त्यांनी सांगितलं का तुम्हाला काही? खोटं बोलतात त्या. पहिल्यापासून खोटारडी बाई आहे ती."

"मला राग नाही आला गं," काका म्हणाले. हे वाक्य ते आयुष्यात पहिल्यांदा बोलत होते, त्यामुळे ते त्यांना नीट बोलता आलं नाही. शब्द कोरडे, कडक निघाले. काकूंनी ते ऐकले, आणि चाळीस वर्षांच्या अनुभवानं त्यांनी त्याचा व्हायचा तोच अर्थ लावला.

काकांनी वाटीतलं सगळ्यात काळं, सगळ्यात पिकलेलं करवंद निवडलं, सदऱ्याला पुसलं आणि काकूंच्या ओठांना लावलं. काकूंनी ओठ घट्ट मिटले. काकांनी खा म्हटलं. मग खा ना म्हटलं. मग त्यांचा आवाज फुटला आणि ते नुसतं "अगं, अगं" करत राहिले. काकूंनी मान भिंतीकडे वळवली.

"मला आवडत नाहीत," त्या म्हणाल्या. "मला पहिल्यापासूनच आवडत नाहीत."

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. औषधानं गुंगी वाढली होती हे खरं, डॉक्टरही तेच म्हणाले. पण काकांना न बोलण्याचे सगळे प्रकार ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी शिवणवाल्या बाई आल्या तेव्हा काकू शुद्धीवर नव्हत्या. बाई तासभर हात धरून बसल्या आणि गेल्या. काका पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसून होते. त्यांनी कितीदा तरी कानाशी वाकून सांगितलं की मी चिडलो नाही, तू जा त्यांच्याकडे, रोज जा, मी कात्री टाकून देतो. पोचलं की नाही कळायला मार्ग नव्हता. शनिवारी पहाटे, लेकीची गाडी स्टेशनात यायच्या आधी, काकू गेल्या.

घर माणसांनी भरलं. काका पायरीवर बसले होते. मेकॅनिक येऊन शेजारी बसला, खांद्यावर हात ठेवला. मागोमाग बाई आल्या. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते. त्यांनी खाली बसत हळूच विचारलं, "भाऊजी, खाल्ली का हो त्यांनी?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. ही बाई नऊ वर्षं चोरून आपल्या बायकोची मैत्रीण राहिली होती, आणि शेवटी तिचं नाव निघालं ते खोटारडी म्हणून. ते तिला कधीही कळता कामा नये, एवढं काकांना समजलं. उभ्या आयुष्यात कोणाचं मन राखण्यासाठी ते कधी खोटं बोलले नव्हते.

"हो," ते म्हणाले. "दोन खाल्ली. चांगली काळीभोर बघून दिली मी."

बाईंनी डोळे पुसता पुसता हात थांबवला. "काळी?" त्या म्हणाल्या. "काळ्यांना त्या हातही लावत नसत. त्यांना लालच लागायची, आंबट."

त्यात टोमणा नव्हता. सहज तोंडून गेलं होतं, आणि जाताच बाईंनी चेहरा पदरात झाकला. काकांनी मान हलवली, नवीन काही कळल्यावर माणूस हलवतो तशी. मग आतून लेकीनं हाक मारली, स्मशानात न्यायची गाडी आली म्हणून, आणि ते उठून आत गेले.